नक्कल आणि रुजवात

गिरगावात आमच्या चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर, रस्त्याकडच्या खोलीत, पावसाची झड पोहोचू नये म्हणून खिडकीपासून दोन हात आत सरकवलेल्या मेजावर माझा संगणक असतो; आणि त्याच मेजाखाली, ओल चढू नये म्हणून विटांवर ठेवलेल्या पत्र्याच्या पेटीत, राजापूर तालुक्यातल्या आमच्या मूळ गावाहून आणलेले घराण्याचे दप्तर असते. वाटणीपत्रे, कर्जरोखे, देवस्थानाच्या उत्पन्नाचे हिशेब, मुंबईस चाकरीला आलेल्या पुरुषांनी गावी धाडलेली पत्रे, असे सुमारे चारशे कागद, सगळे मोडीत. आणि सेवानिवृत्तीनंतरची अकरा वर्षे मी रोज संध्याकाळी त्यांतला एखादा कागद उलगडून त्याचे बालबोध लिप्यंतर संगणकावर उतरवीत आलो आहे. मोडीत ऱ्हस्वदीर्घाचा भेद बहुधा पाळलेला नसतो, शब्द शब्दाला चिकटून चालतात, आणि लिहिणाऱ्याचे वळण ओळखीचे होईपर्यंत एकेका ओळीपुढे अख्खी संध्याकाळ खर्ची पडते. म्हणून त्या फाइली माझ्या दृष्टीने केवळ कागदांच्या प्रती नाहीत, तर हरवल्यास याच आयुष्यात पुन्हा करता येणार नाही असे काम आहे.

माझी हयात ज्या नोकरीत गेली तीही नकलांचीच. एका सरकारी अभिलेखकक्षात बत्तीस वर्षे मी जुन्या कागदांच्या नकला करीत आणि करवून घेत आलो. तिथला शिरस्ता असा होता, की नक्कल तयार झाल्यावर एकाने अस्सल कागद मोठ्याने वाचावा, दुसऱ्याने नकलेवर बोट ठेवून शब्दाशब्दाला रुजू घालावा, आणि मगच तिच्यावर ‘अस्सलबरहुकूम’ असा शेरा मारून सही करावी. या क्रियेला आम्ही रुजवात म्हणत असू. आणि रुजवात न झालेला कागद कितीही सुवाच्य असला तरी त्याला दफ्तरात नक्कल म्हणून कोणी हात लावीत नसे. तोच संस्कार घरी आणून मी दर रविवारी स्नानानंतर संगणकातील नव्या फाइली एका पेनड्राइव्हवर स्वहस्ते उतरवीत असे, दोनचार उघडून पाहत असे, आणि वहीत तारीख टिपून ठेवीत असे.

पितृपक्षातल्या एका रविवारी लालबागहून माझी भाची आली. ती परळला, पूर्वी जिथे गिरणी होती त्या आवारात उभ्या राहिलेल्या एका कचेरीत संगणकांचे काम पाहते. येताना लॅमिंग्टन रोडवरून, म्हणजे आता ज्याला डॉक्टर भडकमकरांचे नाव आहे त्या रस्त्यावरून, दोन हार्ड डिस्का घेऊन आली होती. त्या मेजावर ठेवून, चहाचा पेला हातात घेण्यापूर्वीच तिने विचारले,

“मामा, तुमची शेवटची नक्कल कधीची?”

मी वही पुढे केली. तिने शेवटची तारीख वाचली, आणि वही न मिटता माझ्यापुढे सरकवली. ती तारीख मे महिन्याच्या अखेरची होती. जूनमध्ये माझ्या डोळ्यावर मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. पुढे दृष्टी स्थिरावल्यावर जुलै आणि ऑगस्टमध्ये मी सव्वीस कागद उतरवले, पण रविवारचा नेम एकदा तुटला तो पुन्हा जुळला नव्हता, आणि त्या सव्वीस कागदांची दुसरी प्रत जगात कुठेही नव्हती.

“हा तुमचा दोष आहे असे मी म्हणत नाही,” ती म्हणाली. “नेम माणसाचा असतो, म्हणून तो माणसाबरोबर आजारी पडतो. माणूस परगावी गेला की नेमही परगावी जातो. आणि डिस्क निकामी होते ती तुमची सवड पाहून होत नाही. तुम्ही दवाखान्यात असताना, किंवा सणावारी घर भरलेले असताना, नेमकी त्याच दिवशी ती बंद पडेल. म्हणून हे काम माणसाच्या स्मरणावर ठेवूच नये. ते यंत्राकडे सोपवावे, तासातासाला त्याने आपणहून करावे, आणि आपण ते केले की नाही याचा विचारसुद्धा मनात येऊ नये.”

“विचारसुद्धा येऊ नये, हे मला मान्य नाही,” मी म्हणालो. “नक्कल ही लक्ष देण्याची क्रिया आहे. ज्या कागदाकडे कुणाचे लक्ष नाही तो चार ठिकाणी ठेवला तरी चारही ठिकाणी बेवारसच.”

ती काही वेळ बोलली नाही. मग तिने जे सांगितले ते मला अंशतः ठाऊक होते, पण तिच्या तोंडून क्रमाने मी प्रथमच ऐकत होतो. तिची आई, म्हणजे माझी धाकटी बहीण, जात्यावरच्या ओव्या म्हणत असे. लालबागच्या खोलीत जाते नव्हते, तरी दिवाळीची चकल्यांची भाजणी निवडताना तिला त्या आपोआप आठवत. शेवटच्या दिवाळीत भाचीने त्या ओव्या मोबाइलवर ध्वनिमुद्रित केल्या. ‘येत्या रविवारी संगणकावर उतरवून घेऊ’ असे तिने ठरवले, आणि तसे ती कित्येक रविवारी ठरवीत राहिली. पुढे बहीण गेली. पावसाळ्यात एका संध्याकाळी कामावरून परतताना हिंदमाताला कमरेइतके पाणी साचले होते. त्यातून वाट काढताना खांद्यावरची पिशवी भिजली, आणि मोबाइल त्या पिशवीत होता. दुरुस्ती करणाऱ्यांनी तो उघडून पाहिला, वाळवून पाहिला, पण त्यातून काहीही परत मिळाले नाही.

“माझे लक्ष नव्हते असे तुम्ही म्हणू शकता का, मामा?” ती म्हणाली. “माझे लक्ष दुसरीकडे कुठेच नव्हते. रोज रात्री ऐकत होते मी. लक्ष होते, माया होती, आणि नक्कल नव्हती.”

या बोलण्याला माझ्यापाशी उत्तर नव्हते, आणि अजूनही नाही. परंतु युक्तिवादाला उत्तर नसणे आणि शंका फिटणे या दोन वेगळ्या गोष्टी असल्यामुळे, काही वेळाने मी तिला माझी हकीकत सांगितली. दोन वर्षांपूर्वी एका दुकानदाराने माझ्या संगणकावर दूरस्थ साठवणीची एक सोय बसवून दिली होती. फाइल इथे बदलली की तिकडची प्रत त्याच क्षणी बदलत असे. एके संध्याकाळी चष्मा बाजूला असताना एका लांब पत्राचा सारा मजकूर माझ्याकडून पुसला गेला, ती कोरी फाइल तशीच जतन होऊन बंद झाली, आणि तीन महिन्यांनी उघडून पाहतो तो इथेही कोरी, तिथेही कोरी. जुन्या आवृत्त्या ठेवण्याची त्या सोयीची मुदत केव्हाच उलटून गेलेली. “यंत्राने माझी चूक माझ्याहून अधिक तत्परतेने नकलून ठेवली,” मी म्हणालो. “कारकून असता तर कोरा कागद नकलायला घेताना एकदा तरी थबकला असता, आणि विचारायला आला असता.”

“ती नक्कल नव्हतीच,” ती लगेच म्हणाली. “तो आरसा होता. आरशासमोरून वस्तू उचलली की आरशातूनही जाते. लोक या दोन गोष्टी एकच समजतात आणि तिथेच फसतात. तुम्हाला मी जे लावून देणार आहे ती कीर्द आहे. कीर्दीत कालची नोंद खोडत नाहीत, आजची खाली लिहितात. पहिल्या दिवशी सगळ्या फाइली डिस्कवर उतरतील. त्यानंतर दर तासाला फक्त जे बदलले तेवढेच उतरेल, आणि जुनी आवृत्ती आपल्या तारखेसह तिथेच राहील. पत्र कोरे झाले तरी कोरे होण्यापूर्वीचे पत्र त्या तारखेखाली सापडेल.”

माझ्या जुन्या धंद्याच्या भाषेत तिने मांडलेला हा भेद मला पटला, आणि तो इतरांनीही नीट ध्यानात घ्यावा असे मला कळकळीने वाटते; कारण मोबाइलमधली छायाचित्रे ‘वर कुठेतरी आपोआप जातात’ एवढ्या भरवशावर निश्चिंत राहिलेली कितीतरी घरे माझ्या परिचयाची आहेत. ‘वर’ गेलेली प्रत खाली पुसल्यावर टिकते की पुसली जाते, आणि टिकत असेल तर किती दिवस, हे त्यांतल्या फार थोड्यांनी विचारलेले असते.

संध्याकाळी आम्ही गॅलरीत उभे होतो. खाली रस्त्यावरून माणसांची रीघ वाहत होती, आणि मला आमच्या गिरगावाच्या एका हानीची आठवण झाली. याच वस्तीत कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये ३ मे १९१३ रोजी दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांनी पाहिला. त्याचे चित्रण दादरला झाले होते. आज त्याच्या चार रिळांपैकी पहिले आणि शेवटचे रीळ तेवढे उरले आहे, आणि तीही फाळक्यांनी १९१७ मध्ये पुन्हा केलेल्या चित्रपटाची असावीत असे काही अभ्यासकांचे मत आहे. याच वस्तीतल्या मॅजेस्टिक थिएटरात १४ मार्च १९३१ रोजी अर्देशीर इराणींचा ‘आलम आरा’ हा हिंदुस्थानातला पहिला बोलपट लागला. त्याची एकही प्रत आज उपलब्ध नाही. मॅजेस्टिकच्या जागी आता दुकानांची इमारत आहे.

“हे चित्रपट नकलेवाचून गेले असे तू म्हणशील,” मी म्हणालो. “पण बोलपटाच्या प्रती तर गावोगावी फिरत असत. त्या काळच्या फिती चटकन पेट घेत, त्यांत कित्येक जळाल्या हे खरे; पण कित्येक चित्रपटांच्या फिती खेळ संपल्यावर चांदी काढण्यासाठी वितळवल्या गेल्या. इतिहाससंशोधक राजवाडे गावोगाव हिंडून मराठेशाहीचे कागद गोळा करीत होते, तेव्हाही हीच गत होती. वाड्यांच्या माळ्यांवर कागदांना वाळवी लागली होती आणि उरलेल्यांच्या पुड्या बांधल्या जात होत्या. प्रतींची उणीव नव्हती, उणीव होती ती मोल जाणण्याची. मोल जाणणारा माणूस नसेल तर तुझे यंत्र काय राखणार?”

ती माझ्याकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर वाद जिंकण्याचा आवेश नव्हता. जे पुष्कळ दिवस मनात होते ते शब्दांत सापडल्याचे समाधान होते.

“मामा, १९३१ साली त्या चित्रपटाचे मोल कुणाला कळायला हवे होते? ज्यांच्यापाशी फिती होत्या ती काही वाईट माणसे नव्हती. खेळ संपला होता, आणि त्या दिवशीच्या हिशेबाने फितींचे मोल त्यांतल्या चांदीइतकेच होते. प्रत्येकाने आपल्या बुद्धीने निर्णय केला, आणि त्या सगळ्या निर्णयांची बेरीज म्हणजे आज काहीच उरले नाही. काय राखावे हे ठरवण्याचा अधिकार आजच्या माणसाकडे ठेवला की असेच होते. यंत्राला मोल कळत नाही, हाच त्याचा गुण आहे. ते आईच्या ओव्या आणि विजेचे बिल सारख्याच निष्ठेने उतरवून ठेवते. निवडानिवड पुढच्यांनी करावी. त्यांना निवडायला काही उरले तर.”

आयुष्यभर मी जाणीव हा जतनाचा पाया मानत आलो होतो. जाणीव ही नेहमी आपल्या काळाचीच असते, आणि जे आपल्या काळाला क्षुद्र वाटते त्याच्यापुढे ती आंधळी असते, हे मला तिच्या बोलण्यातून त्या गॅलरीत उभ्या उभ्या उमगले. आणि माझ्या पणजोबांच्या पेटीतही देवस्थानाचे हिशेब काळजीपूर्वक बांधलेले आहेत, परंतु घरातल्या बायकांनी लिहविलेले एकही पत्र नाही, याची आठवण होऊन मी काही न बोलता आत आलो.

तरीही जेवणानंतर मी पुन्हा वाद मांडला, कारण माझी खरी शंका अजून अनुत्तरितच होती. “ज्ञानेश्वरी शके १२१२ ची,” मी म्हणालो. “पुढची सुमारे तीनशे वर्षे तिच्या प्रतींवरून प्रती होत गेल्या. लेखकूंची निष्ठा कमी नव्हती. पोथीच्या शेवटी ते लिहीत, की जसे समोर दिसले तसे लिहिले आहे, दोष मला देऊ नये. आणि तरी पाठ इतके बिघडले, की शके १५०६ मध्ये एकनाथांना ती शुद्ध करायला बसावे लागले. नक्कल करणारा कितीही इमानी असला, तरी रुजवात करणारा कुणी नसेल तर इमानाने केलेल्या नकलेतूनही अशुद्धताच वाहत जाते.”

“पण मामा,” ती म्हणाली, “एकच पोथी उरली असती तर नाथांनी तिचा मेळ कशाशी घातला असता?”

इथे आम्ही दोघेही थांबलो. एकाच गोष्टीची दोन टोके आम्ही धरून बसलो होतो, असे मला त्या क्षणी वाटले खरे. पण आमचे मतभेद तिथे मिटले असे मात्र झाले नाही. ती म्हणत होती की अनेक प्रती असल्या म्हणजे मेळ केव्हाही घालता येतो. मी म्हणत होतो की ‘केव्हाही’ या शब्दात ‘कधीच नाही’ दडलेले असते. आणि मग तिने आपण होऊन, आपल्याच पक्षाला बाधक असलेली एक गोष्ट सांगितली, ज्याबद्दल मला तिचा विशेष आदर वाटतो.

अमेरिकेतील पिक्सार ही संस्था ‘टॉय स्टोरी २’ हा चित्रपट तयार करीत असताना, १९९८ साली, कुणाच्या तरी हातून संगणकाला चुकीचा हुकूम गेला आणि चित्रपटाच्या बहुतेक सगळ्या फाइली पुसल्या जाऊ लागल्या. नकलांची स्वयंचलित व्यवस्था तिथे होतीच. पण ती उघडून पाहिली तेव्हा कळले की ती नीट चालतच नव्हती आणि कुणाच्या ते लक्षातही आले नव्हते. चित्रपट वाचला तो गेलिन सुसमन या तंत्रदिग्दर्शिकेमुळे. तान्हे मूल असल्याने त्या घरून काम करीत, आणि त्यासाठी घरच्या संगणकावर त्यांनी चित्रपटाची प्रत ठेवली होती. तो संगणक चादरीत गुंडाळून मोटारीतून जपून कचेरीत आणण्यात आला.

“म्हणजे एवढ्या मोठ्या ठिकाणीही रुजवात झाली नव्हती,” मी म्हणालो.

“झाली नव्हती,” ती म्हणाली. “आणि दुसऱ्या घरात प्रत होती म्हणून चित्रपट वाचला. दोन्ही खरे आहे.”

त्या रात्री तिने व्यवस्था लावून दिली. माझ्या संगणकात विंडोज प्रणाली आहे, आणि तीत २०१२ पासून ‘फाइल हिस्टरी’ नावाची सोय येते. डिस्क जोडायची, कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन ती सोय सुरू करायची, दर तासाला नक्कल व्हावी आणि जुन्या आवृत्त्या कायम राहाव्यात एवढे सांगायचे, की काम झाले. सारे दहा मिनिटांत आटोपले. वेळ लागला तो दुसऱ्या डिस्कच्या प्रश्नाला. पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकाराने रूढ केलेला एक नियम तिने सांगितला: एकंदर तीन प्रती असाव्यात, त्या दोन निराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात, आणि त्यांतली एक निराळ्या जागी असावी. निराळी जागा कशासाठी हे मुंबईकराला समजावून सांगावे लागत नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, आणि त्याच शहरात, त्याच दिवशी, कुलाब्याला त्याच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. चाळीच्या जिन्यातले विजेचे मीटर पेटले तर मेजावरचा संगणक आणि त्याला जोडलेली डिस्क एकाच ज्वाळेत जातील. शिवाय फाइलींना कुलूप घालून खंडणी मागणारे जे उपद्रवी प्रोग्राम आहेत, ज्यांतला ‘वॉनाक्राय’ मे २०१७ मध्ये जगभर पसरला होता, ते जोडलेल्या डिस्कलाही सोडत नाहीत. म्हणून एक डिस्क नेहमी सुटी, तारेवाचून असली पाहिजे. आणि सुटी डिस्क जोडणे, काढणे, दुसऱ्या घरी नेणे, हे कोणतेही यंत्र आपणहून करीत नाही. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही डिस्कांची अदलाबदल करावी, एक गिरगावात आणि एक लालबागला असावी, असे ठरले.

तिच्या मनात याखेरीज एक प्रत दूरच्या सर्व्हरवर, महाराष्ट्राबाहेर कुठेतरी, असावी असेही होते. मी हरकत घेतली. या कागदांत दुसऱ्यांची कर्जे आहेत, भाऊबंदकीचे तंटे आहेत, आणि ज्यांची नावे त्यांत येतात त्यांचे वंशज आजही त्याच गावात नांदत आहेत. ते मी अनोळखी माणसांच्या हवाली कसे करावे? ती म्हणाली, की आपल्याच घरात सांकेतिक कुलूप घालून मगच पाठवायचे, किल्ली आपल्यापाशी राहील. पण ती किल्ली हरवली तर प्रत असून नसल्यासारखी, हेही तिनेच सांगितले. ती किल्ली शेवटी कागदावर लिहून पाकिटात घालून कपाटातच ठेवावी लागेल. तो मुद्दा आम्ही तूर्त तहकूब ठेवला आहे. मी मात्र त्या रात्री झोपण्यापूर्वी पेनड्राइव्हवर माझ्या हाताने त्या सव्वीस कागदांची नक्कल करून वहीत तारीख घातली, आणि तिने मला अडवले नाही.

दसरा झाल्यावरच्या रविवारी ती पुन्हा आली. तीन आठवडे डिस्कवरचा बारीक दिवा तासातासाला लुकलुकताना मी पाहिला होता, आणि खरे सांगायचे तर तो पाहून मलाही एक प्रकारची निर्धास्तता वाटू लागली होती. रुजवातीचा दिवस मीच ठरवला होता. तिने डिस्क उघडली आणि म्हणाली, “सांगा, कोणता कागद काढू?”

शके १७९८ चे वाटणीपत्र काढ, असे मी सांगितले. तिने शोधले. पुन्हा शोधले. डिस्कवर माझी छायाचित्रे होती, आयकराचे कागद होते, नातलगांच्या लग्नपत्रिका होत्या. पण दप्तराचा संग्रह नव्हता. एकही फाइल नव्हती.

कारण कळायला वेळ लागला नाही. ही सोय संगणकातली नेमून दिलेली दालनेच पाहते: डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डेस्कटॉप आणि अशी आणखी काही. माझा मोडीचा संग्रह अकरा वर्षे डिस्कच्या दुसऱ्या भागात, ज्याला डी ड्राइव्ह म्हणतात तिथे, ठेवलेला होता. डेस्कटॉपवर होती ती त्याच्याकडे नेणारी निव्वळ खूणचिठ्ठी, शॉर्टकट. भाचीने ती खूण पाहिली आणि संग्रह तिथेच आहे असे धरून चालली. आणि यंत्र तीन आठवडे सांगितलेल्या हुकमाबरहुकूम वागून त्या खूणचिठ्ठीची नक्कल सांभाळीत राहिले. सव्वीस कागद पेनड्राइव्हवर होते आणि मूळ संग्रह शाबूत होता, म्हणून काही गमावले नाही. पण ती खुर्चीत मागे टेकून बसली, आणि तिचा चेहरा उतरला.

“हे माझ्या कामावर घडले असते तर मी दुसऱ्याला बोलले असते,” ती हळूच म्हणाली.

“तपासले म्हणून कळले,” मी म्हणालो. “आमच्याकडेही पहिल्या रुजवातीला एखादी ओळ गळालेली सापडायचीच. त्याकरताच तर ती असे.”

तिने तो संग्रह डॉक्युमेंट्सच्या दालनात नोंदवून घेतला. पुन्हा नक्कल होईपर्यंत आम्ही चहा घेतला. त्या वेळात तिने मला सांगितले, की फाइलीतल्या सर्व अक्षरांवरून एक अंक काढून ठेवता येतो, आणि एक अक्षर जरी बदलले तरी अंक बदलतो, त्यामुळे नक्कल अस्सलाशी जुळते की नाही हे यंत्राला स्वतःही पडताळता येते. वैदिकांनी जटापाठ आणि घनपाठ रचले ते याच हेतूने, शब्द उलटसुलट क्रमाने म्हणून त्यांतला एकही ढळू नये म्हणून, हे मी तिला सांगितले. तिला ते ठाऊक नव्हते, आणि तिने ते दोनदा विचारून समजून घेतले.

मग तिने वाटणीपत्राची फाइल डिस्कवरून परत काढली; मूळ फाइलीवर नव्हे, निराळ्या जागी, म्हणजे काही बिघाड असलाच तर मूळ झाकली जाऊ नये. मी पेटी उघडली. वेखंडाचा वास खोलीभर पसरला. लाल रुमालाची गाठ सोडून मी वाटणीपत्र काढले, मेजावर पसरले, आणि जुन्या सवयीने पहिल्या शब्दावर बोट ठेवले. ती पडद्यावरून मोठ्याने वाचू लागली. शब्द जुळत होते. जमिनींच्या चतुःसीमा जुळल्या, आंब्यांची कलमे जुळली, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या जुळल्या.

खालच्या कोपऱ्याशी आलो, आणि माझे बोट थांबले. तिथे कागद नव्हता. कसर लागून रुपयाएवढे भोक पडले होते, कडा अजून भुरभुरत होत्या. गेल्या पावसाळ्यात केव्हातरी पडले असावे. ती पुढे वाचत होती. “ ‘आणि देवघरातील समई व तांब्याचा हंडा हे धाकट्या सुनेचे माहेरचे, यांत कोणाचा हिस्सा नाही.’ ”

“पुन्हा वाच,” मी म्हणालो.

तिने पुन्हा वाचले. अकरा वर्षांपूर्वी, पहिल्याच महिन्यात, कागद धड असताना मी ते उतरवले होते, आणि ते वाक्य पेटीत कुठेही उरले नव्हते. ती उठून माझ्या शेजारी आली, भोकाकडे पाहत राहिली, आणि मग तिने हळूच विचारले, ती धाकटी सून कोण.

दिवेलागण झाल्यावर ती लालबागला निघाली. दुसऱ्या डिस्कवर सगळे उतरले होते, आणि मी ते उघडून पाहिले होते. पेटीतला एक रिकामा रुमाल काढून त्यात मी ती डिस्क बांधली, वहीत तारीख घातली, आणि त्या तारखेखाली पहिल्यांदाच आम्हा दोघांच्या सह्या झाल्या.